मधली पेटी : होम थिएटर रिसीव्हरच्या निवडीचा बदलता निकष

मोठ्या पडद्याचा टीव्ही, गेमिंग कन्सोल, ब्ल्यू-रे प्लेअर आणि पाच-सात स्पीकर ही मंडळी एका दिवाणखान्यात नांदू लागली की त्यांना एकमेकांशी जोडणारे एक यंत्र मध्ये ठेवावे लागते, आणि त्यालाच एव्ही रिसीव्हर, म्हणजे ध्वनी व चित्र या दोहोंचे संकेत हाताळणारा रिसीव्हर, असे म्हणतात. आलेल्या अनेक संकेतांपैकी एक निवडणे, त्यातील सांकेतिक ध्वनी उलगडून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा करणे आणि तो वाटा स्पीकर हलवण्याइतका बलवान करणे ही त्याची मूळ कामे होत. चित्र टीव्हीकडे पोचवण्याचे काम त्याच्या गळ्यात बरेच उशिरा पडले. कोणता रिसीव्हर घ्यावा या प्रश्नाचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत वारंवार बदलले, आणि त्याला बहुतेक वेळा कारण ठरली ती रिसीव्हर बनवणाऱ्यांच्या हाती नसलेली एखादी नवी तार किंवा नवे माध्यम.

या यंत्राचा जन्म रेडिओच्या घरातला. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील हौशी श्रोते ट्यूनर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ही तीन यंत्रे स्वतंत्रपणे विकत घेऊन जोडत असत. ट्यूनर रेडिओलहरींतून हवे ते केंद्र वेचून काढी, प्रीअ‍ॅम्प्लिफायर त्या क्षीण संकेताची पातळी व पोत ठरवी आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर चालवण्याची शक्ती पुरवी. सिडने हार्मन आणि बर्नार्ड कार्डन यांच्या हार्मन कार्डन कंपनीने १९५४ मध्ये फेस्टिव्हल डी-१००० या नावाने हे तिन्ही भाग एकाच पेटीत बसवले, आणि उच्च दर्जाच्या ध्वनीसाठी तयार झालेला पहिला रिसीव्हर म्हणून सामान्यतः त्याच पेटीचा उल्लेख होतो. १९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाली, त्यानंतर नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांनी या बाजारात मुसंडी मारली.

त्या दशकात निवडीचा निकष एकच होता, तो म्हणजे वॅट. जाहिरातींतील आकडे इतके फुगले की फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेने १९७४ मध्ये नियम करून, दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू असताना सातत्याने मिळणारी शक्ती आणि तिच्यासोबत येणारी विकृती हेच आकडे छापण्याचे बंधन घातले. या बंधनाने स्पर्धा थांबली नाही, मात्र ती खरी झाली. १९७८ मध्ये पायोनियरने आणलेला एसएक्स-१९८० हा रिसीव्हर प्रत्येक वाहिनीला २७० वॅट देई आणि त्याचे वजन ३५ किलोच्या घरात होते. दिवाणखान्यात गाणी ऐकणाऱ्या कुटुंबाला एवढ्या शक्तीची काही गरज नव्हती, पण आकड्यांच्या मोहापुढे गरजेचे कधीच काही चालत नाही.

चित्रपटगृहातील ध्वनी घरात शिरू लागला तेव्हा वॅटांच्या जोडीला वाहिन्यांची मोजणी आली. डॉल्बी प्रयोगशाळेने चार वाहिन्यांचा ध्वनी दोन पट्ट्यांत गुंफण्याची जी पद्धत चित्रपटांसाठी १९७०च्या दशकात रूढ केली होती, तिचे घरगुती रूप १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड या नावाने आले आणि १९८७ मध्ये प्रोलॉजिकने त्यात संवादांसाठी मधल्या स्पीकरची स्वतंत्र वाहिनी उलगडून दिली. पुढे डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये आणि डीटीएस १९९३ मध्ये चित्रपटगृहांत पोचले. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये व पुढील वर्षी अमेरिकेत डीव्हीडी विक्रीस आली, तेव्हा पाच मुख्य वाहिन्या आणि खर्जासाठी एक अशी ५.१ वाहिन्यांची मांडणी घरोघरच्या बोलण्यात रुळली. हा सांकेतिक ध्वनी प्लेअरकडून रिसीव्हरकडे प्रकाशाच्या बारीक तारेतून जाई. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही टॉसलिंक जोडणी आजही अनेक टीव्हींच्या मागे दिसते. या काळात रिसीव्हर प्रामुख्याने ध्वनीचेच यंत्र होते. चित्राच्या तारा त्यातून नेण्याची सोय असे, पण ती न वापरता चित्र थेट टीव्हीला जोडले तरी ध्वनीचे काही बिघडत नसे.

गेमच्या ध्वनीची अडचण याच टप्प्यावर स्पष्ट झाली. चित्रपटाचा ध्वनी स्टुडिओत एकदा तयार होऊन चकतीवर कोरला जातो, त्यामुळे तो सांकेतिक रूपात बांधायला हवा तितका वेळ मिळतो. गेममध्ये मात्र खेळाडूने मान कोणत्या दिशेला वळवली यावर पुढच्या क्षणी मागून येणारा पावलांचा आवाज कोणत्या स्पीकरमधून निघावा हे ठरते, आणि म्हणून पाचही वाहिन्यांचा ध्वनी त्या क्षणी मोजून त्याच क्षणी बांधावा लागतो. २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये हे डॉल्बी डिजिटल संकेतन खेळ चालू असतानाच करणारी चिप होती, तर त्याच वर्षीच्या निन्टेन्डो गेमक्यूबने दोन वाहिन्यांत गुंफलेल्या प्रोलॉजिक २ वर भागवले. चित्रपट पाहणाऱ्याला क्षणभराचा विलंब खुपत नाही, कारण चित्र आणि ध्वनी दोन्ही सारखेच मागे ठेवता येतात. खेळणाऱ्याला तो खुपतो, कारण त्याचे बोट त्याच क्षणी बटणावर असते. हा फरक पुढे रिसीव्हरच्या अंगाशी आला.

डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआयचे पहिले प्रमाण जाहीर केले. या एकाच तारेतून असंपीडित चित्र, अनेक वाहिन्यांचा ध्वनी आणि नक्कल रोखणारी एचडीसीपी ही कुलूपव्यवस्था एकत्र जाऊ लागली. एचडीएमआयचे सुरुवातीचे काही रिसीव्हर चित्र नुसते पुढे ढकलत आणि ध्वनीसाठी वेगळी तार मागत. पण २००६ मध्ये आवृत्ती १.३ आणि ब्ल्यू-रे चकती ही दोन्ही जवळपास एकाच वेळी आल्यावर चित्र पालटले. ब्ल्यू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धतींत ध्वनीचा कणही न गमावता संपीडन होते, पण तो प्रवाह जुन्या प्रकाशतारेत मावत नाही. उत्तम ध्वनी हवा तर एचडीएमआय, आणि एचडीएमआयमध्ये चित्रही असल्याने ते रिसीव्हरमधूनच न्यायचे, अशी ही सक्ती होती. रिसीव्हर जकात नाक्यासारखा झाला. टीव्हीकडे निघालेल्या प्रत्येक मालाला त्याच्यापाशी थांबून कागद दाखवावे लागू लागले.

ही व्यवस्था दिसायला सुटसुटीत असली तरी तिच्यात एक मूलभूत विसंगती होती. चांगला अ‍ॅम्प्लिफायर वीस वर्षे सहज टिकतो, पण चित्राचे प्रमाण दर चार-पाच वर्षांनी बदलते, आणि या दोन वेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एकाच पेटीत बांधल्या गेल्याने चित्राच्या चिपने ध्वनीच्या यंत्राचे आयुष्य ठरवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१३ मध्ये सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी आवृत्ती २.० आली, तेव्हा याचा पहिला मोठा प्रत्यय आला; त्यानंतरच्या काही रिसीव्हरांत पूर्ण वहनक्षमता होती पण फोर-के चित्रपटांसाठी लागणारी एचडीसीपी २.२ नव्हती, तर काहींत ती होती पण वहनक्षमता अपुरी होती. पुढे फोर-के ब्ल्यू-रे आल्यावर यांपैकी बरीच यंत्रे ध्वनीच्या दृष्टीने ठणठणीत असूनही कालबाह्य ठरली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या आवृत्ती २.१ ने ही मर्यादा ४८ गिगाबिटांवर नेली, आणि तिच्यामागची मागणी गेमांची होती. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. सेकंदाला १२० चौकटी काढायच्या तर ही संख्या ९९ कोटींवर जाते, आणि प्रत्येक बिंदूच्या तीन रंगांसाठी दहा-दहा बिट धरले की निव्वळ चित्राचेच सुमारे ३० अब्ज बिट होतात. चौकटींमधील रिकामी जागा आणि तारेवरील संकेतनाचा बोजा त्यात मिळवला की हिशेब सेकंदाला ४० गिगाबिटांपर्यंत पोचतो. याखेरीज २.१ मध्ये व्हीआरआर ही सोय होती. गेमची चौकट तयार होण्यास कमीजास्त वेळ लागतो म्हणून टीव्हीने ठराविक ठेका सोडून कन्सोलच्या चालीने चालावे, म्हणजे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही, हा तिचा अर्थ. एएलएलएम ही दुसरी सोय खेळ सुरू होताच टीव्हीला चित्रसंस्कार वगळून किमान विलंबाच्या अवस्थेत नेते. सेकंदाला ६० चौकटी असताना एका चौकटीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १२० असताना ८.३, त्यामुळे मध्ये बसलेल्या कोणत्याही यंत्राने रेंगाळणे परवडत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात डेनॉनने आपले पहिले एट-के रिसीव्हर बाजारात आणले. त्यांच्या मागे अनेक एचडीएमआय प्रवेश असले तरी ४० गिगाबिट पेलणारा प्रवेश सामान्यतः एकच होता. त्या वेळी एवढा वेगवान प्रवाह सोडणारी साधने ग्राहकांच्या घरी जवळजवळ नव्हतीच. सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिकेतील ग्राफिक्स कार्डे आणि नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स सीरीज एक्स व प्लेस्टेशन ५ आले. त्याच ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील हाइझे प्रकाशनाच्या सीटी या नियतकालिकाने उघड केले की डेनॉन, मरांट्झ आणि यामाहा यांच्या नव्या रिसीव्हरांत वापरलेल्या पॅनासोनिकच्या एचडीएमआय चिपमध्ये दोष असून, एनव्हिडियाची कार्डे किंवा एक्सबॉक्स यांचे १२० चौकटींचे फोर-के चित्र रिसीव्हरमधून नेले की पडदा काळा पडतो. प्लेस्टेशन ५ चा प्रवाह ३२ गिगाबिटांपर्यंतच मर्यादित व वेगळ्या स्वरूपाचा होता, आणि त्याला या दोषाची बाधा नसल्याचे डेनॉन-मरांट्झच्या मालक कंपनीने सांगितले. दोष चिपमध्येच कोरलेला असल्याने सॉफ्टवेअर बदलून तो जाणारा नव्हता. २०२१ मध्ये या मालक कंपनीने एसपीके६१८ नावाची छोटी पेटी ग्राहकांना विनामूल्य दिली, जी कन्सोल आणि रिसीव्हर यांच्या मध्ये बसवून प्रवाहाचे स्वरूप रिसीव्हरला पचेल असे करायचे होते. यामाहाने यंत्रातील सर्किट बोर्डच बदलून देण्याचा मार्ग धरला. तारा कमी व्हाव्यात म्हणून आणलेल्या यंत्रापुढे त्याच्याच दुरुस्तीसाठी आणखी एक पेटी आणि आणखी एक तार आली, ही या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना म्हणावी लागेल.

या कोंडीतून सुटकेची वाटही आवृत्ती २.१ मध्येच होती. टीव्हीत पोचलेला ध्वनी त्याच एचडीएमआय तारेतून उलट दिशेने रिसीव्हरकडे आणण्याची एआरसी ही सोय २००९ च्या आवृत्ती १.४ पासून होती, पण तिची क्षमता जुन्या प्रकाशतारेएवढीच असल्याने ट्रूएचडी किंवा आठ वाहिन्यांचा असंपीडित ध्वनी तिच्यातून जात नसे. ईएआरसी या सुधारित रूपाने ती क्षमता सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिटांवर नेली. आता कन्सोल थेट टीव्हीला जोडावा, १२० चौकटींचे चित्र मध्ये कुठेही न थबकता पडद्यावर जावे आणि फक्त ध्वनी रिसीव्हरकडे परत यावा, हे शक्य झाले. एलजीने २०१९ च्या ओएलईडी टीव्हींवर चारही प्रवेश ४८ गिगाबिटांचे दिल्यावर अशा जोडणीला टीव्हीच्या बाजूनेही आधार मिळाला. ही वाट निर्वेध मात्र नाही. काही टीव्ही डीटीएसचा प्रवाह पुढे जाऊ देत नाहीत, काहींत ध्वनी ओठांच्या हालचालीमागे किंचित पडतो, आणि अनेक टीव्हींवर वेगवान प्रवेश दोनच असून त्यांतला एक ईएआरसीलाच द्यावा लागतो. तिथे दोन कन्सोल आणि एक संगणक असलेल्या घराला वेगवान प्रवेशांचा रिसीव्हर अजूनही लागतो. डेनॉनने २०२२ मधील एक्स३८००एच या रिसीव्हरला असे सहा प्रवेश दिले, ते याच गरजेपोटी.

बाकीच्यांनी मात्र रिसीव्हरची पारख पुन्हा ध्वनीवर आणणे शहाणपणाचे ठरेल. २०१४ पासून घरगुती रिसीव्हरांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमुळे छताच्या दिशेच्या वाहिन्या वाढल्या, पण वाहिन्या वाढल्या म्हणून वीजपुरवठा वाढतोच असे नाही; माहितीपत्रकातला १०० वॅटचा आकडा बहुधा दोन वाहिन्या चालू असतानाचा असतो आणि नऊ वाहिन्या एकदम चालल्या की तो बराच खाली येतो. त्याहून मोठा फरक खोलीचा पडतो. ऑडिसी किंवा स्वीडनमधील डिराक यांची ध्वनिसुधार पद्धत मायक्रोफोनने बसण्याच्या जागेवरचा ध्वनी मोजून भिंतींमुळे फुगणारा खर्ज आवरते, आणि फरशी, काच व उघड्या भिंती असलेल्या आपल्याकडच्या दिवाणखान्यांत तिचा उपयोग जास्तच होतो. अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक हिशेब करावा : तिकडची यंत्रे १२० व्होल्टवर आणि जपानमधली १०० व्होल्टवर चालतात, तर आपल्याकडे वीज २३० व्होल्टने येते, त्यामुळे ते यंत्र वजनदार ट्रान्सफॉर्मरखेरीज लावता येत नाही आणि हमीही बहुधा समुद्रापलीकडेच राहते.

दुकानात एचडीएमआय २.१ अशी चिठ्ठी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. आवृत्ती २.० वेगळी उरलेली नसून तिच्या क्षमतेची यंत्रेही २.१ म्हणून विकता येतात आणि ४८ गिगाबिट, व्हीआरआर किंवा एएलएलएम यांपैकी काहीही सक्तीचे नाही, असे या प्रमाणाचा परवाना देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ग्राहकाने आवृत्तीचा आकडा न विचारता प्रत्येक प्रवेश सेकंदाला किती गिगाबिट पेलतो, ईएआरसी आहे का आणि आपल्या टीव्हीमागे वेगवान प्रवेश नेमके किती आहेत, एवढे छापील माहितीपुस्तिकेत पाहूनच पैसे मोजावेत.