स्थानपोथी आणि मार्गदर्शकाची वाणी : देवरी-रामटेक मार्गाच्या निमित्ताने

देवरीहून पश्चिमेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली व लाखनी मागे टाकून वैनगंगा ओलांडतो आणि भंडाऱ्यास पोहोचतो. तेथून रामटेकची टेकडी फार दूर नाही. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत देवरीचा समावेश भंडारा जिल्ह्यातच होत असे. येथील विद्यार्थ्यांस प्राचीन देवालये दाखवावयाची तर हाच मार्ग स्वाभाविक होय. अशा अभ्यासदौऱ्यात देवळासमोर उभे राहून मार्गदर्शकाने प्रथम काय सांगावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु याच मार्गाशी संबंध असलेल्या एका जुन्या मराठी ग्रंथाने त्याचे जे उत्तर दिले आहे, ते विचारात घेण्यासारखे आहे.

तो ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथातील 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकात मुनी व्यास कोठी यांनी तो सिद्ध केला. विसाव्या शतकात डॉ. वि. भि. कोलते यांनी त्याचे संपादन केल्यामुळे तो अभ्यासकांस सुलभ झाला. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले अथवा हिंडले, त्या स्थानांची ही नोंद आहे. दीर्घ वास्तव्य ते 'अवस्थान', रात्रीचा मुक्काम ती 'वस्ती', घटकाभर बसले ते 'आसन', अशी काटेकोर विभागणी तीत आढळते. पुढे येणाऱ्या भक्ताला नेमके तेच स्थळ सापडून वंदन करता यावे, एवढाच हेतू. त्या हेतूस्तव ग्रंथकार देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, गावाच्या कोणत्या अंगास आहे, पौळीचे दार कोठे, पटिशाळा कोठे, जगती व सोंडी कोठे, हे एकामागून एक सांगत जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या देवळांचे हे वर्णन आहे, त्यांतील देवता ग्रंथकाराची उपास्य नव्हती. महानुभाव तत्त्वज्ञानानुसार देवतांच्या भक्तीने मोक्ष लाभत नाही. त्यामुळे मूर्तीचा महिमा वाढवून सांगण्याचे त्याला कारणच नव्हते. स्थलमाहात्म्यांत देवतेच्या गौरवापुढे वास्तू लोपते. स्थानपोथीत देवता बाजूस राहून वास्तू उरते. तेराव्या-चौदाव्या शतकांतील महाराष्ट्रीय देवळांविषयी इतका निर्विकार साक्षीदार दुसरा क्वचितच मिळेल. अर्थात त्याच्या साक्षीला मर्यादाही आहेत. शिखराची घडण, शिल्पांचे सौष्ठव, बांधणाऱ्याचे नाव अथवा काळ यांची त्याला जिज्ञासा नाही. जे आज आपणांस कला म्हणून मोलाचे वाटते, ते त्याच्या दृष्टीने केवळ खूण होते.

भंडारा हे नीळभट्ट भांडारेकारांचे गाव. 'लीळाचरित्रा'च्या 'एकांक' या भागात त्यांची कथा येते. रामटेकचे वास्तव्यही त्याच एकाकी भ्रमणकाळातले. या काळातील अनेक प्रसंग श्रीचक्रधरांनी पुढे स्वमुखे सांगितल्यामुळे शिष्यांस कळले; म्हणजे रामटेकचे स्थान बहुतांशी ऐकीव वृत्तावरून प्रत्यक्ष भूमीवर शोधावे लागले असले पाहिजे. अशा बाबतीत मतभेद झाकून न ठेवता 'शोध', 'वासना' इत्यादी संज्ञांनी नोंदविण्याची या परंपरेची रीत आहे. आजच्या किती मार्गदर्शकांस हे धैर्य असते?

रामटेकवर याचा प्रत्यय घ्यावा. टेकडीवरील कोणतेही दगडी देऊळ 'हेमाडपंती' म्हणून सांगण्याची सवय सर्वत्र रूढ झाली आहे. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. केवल नरसिंहाचे मंदिर मात्र वाकाटककालीन, पाचव्या शतकातले. १९८०नंतरच्या दशकात त्याच्या भिंतीवरील लेपाखालून निघालेल्या शिलालेखाने त्याचा संबंध प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी जोडला. सुमारे आठशे वर्षांचे अंतर या एका शब्दाने पुसले जाते. लक्ष्मण मंदिरातील, रामचंद्र यादवाच्या काळचा शिलालेख प्रा. वा. वि. मिराशींच्या संशोधनामुळे प्रकाशात आला. त्यात टेकडीवरील तीर्थांची व देवतांची गणना आहे. तोही एक प्रकारचा मार्गदर्शकच. फक्त त्याची दृष्टी माहात्म्यकाराची आहे.

याच टेकडीवरील भोगरामाचे देऊळ महानुभावांस श्रीचक्रधरांच्या वास्तव्यामुळे वंदनीय आहे. पण त्याची घडण वाकाटककाळापर्यंत मागे जाते. एकाच वास्तूत दोन गाभारे असल्यामुळे मूळची उपास्य देवता कोणती, याविषयी अभ्यासकांनी तर्क केले आहेत. मार्गदर्शकाने येथे एकच कथा सांगितली तर एका उपासकवर्गावर तरी अन्याय होतो. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रथम दाराची दिशा पाहावी, गाभारे मोजावेत, पोथीतील वर्णन हाती घेऊन पावले टाकावीत. कालनिर्णय व कथा नंतर ऐकाव्यात, असे सुचवावेसे वाटते. जीर्णोद्धारात फरशी बसली, भिंतींना रंग लागला की हे पडताळे कठीण होतात, म्हणून ही नोंद लवकर व्हावी.

देवरीच्या ईशान्येस, सालेकसा तालुक्यात, गोंड समाजाचे कचारगड हे पवित्र स्थळ आहे. माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. तेथे शिखर नाही, मंडप नाही. निसर्गनिर्मित गुहा आहे आणि तिच्याकडे जाणारी वाट आहे. वास्तुशैलींच्या आपल्या कोष्टकात तिला जागा नाही. स्थानपोथीच्या रीतीने मात्र तिचे वर्णन आजही करता येईल: कोणत्या गावाहून, कोणत्या दिशेस, किती चढून, गुहेचे मुख कोणीकडे, आणि कोण कोठे थांबून नमस्कार करतो.