देहघड्याळावरील बाह्य प्रभाव (सातारा व सांगली जिल्हे)

झोप-जाग, शरीराचे तापमान, भूक आणि संप्रेरके यांची सुमारे 24 तासांची आवर्तने शरीर आपली आपण चालवते. त्यांचे मुख्य केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. सतत मंद उजेडात ठेवलेल्या माणसाचे हे देहघड्याळ 24 तासांहून किंचित हळू चालते. ते रोज जुळते ते मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडामुळे. यकृतासारखे अवयव मात्र जेवणाच्या वेळेकडे अधिक पाहतात.

प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशावर बेतलेली असल्याने साताऱ्यात सूर्य घड्याळाच्या साधारण 34 मिनिटे, तर सांगलीत 32 मिनिटे मागे असतो. दिवसाची लांबी वर्षभरात अंदाजे 11 ते 13 तासांच्या दरम्यान राहत असल्याने ऋतूंचा परिणाम बेताचाच.

या भागात देहघड्याळ सर्वांत जास्त विस्कटते ते रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मोटार सुरू करून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरं घेऊन उसाला दारं धरावी लागतात. एक सरी भिजली की तिचे दार बांधायचे आणि पुढचे मोडायचे. मध्येच डोळा लागला तर पाणी बांध फोडून जाते. पायाखाली सापाचे भय असतेच. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान नीचांकाला येते आणि सावधपणा सर्वांत कमी असतो, नेमके तेव्हा हे काम चाललेले असते. घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. ते सरकेपर्यंत वेळापत्रक पुन्हा दिवसाचे झालेले असते. हा शेतकऱ्याचा आळस किंवा सवय नव्हे, शरीराची मर्यादा आहे. दिवसा वीज देण्यासाठी 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे आरोग्याचा उपाय म्हणूनही पाहायला हवे.

रेठरे बुद्रुक, साखराळे येथील साखर कारखान्यांत हंगामात तीन पाळ्या चालतात. रातपाळीचे काम कर्करोगाला संभाव्य कारण ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये जाहीर केले.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. मुलांचा अभ्यास हा त्यामागचा हेतू. झोपेच्या दृष्टीने मात्र साडेआठनंतरचा, अंथरुणातला पडदा अधिक बाधक ठरतो.