सालबर्डी आणि र्‍योकान

३. लेखकाने र्‍योकानला (गरम पाण्याच्या कुंडाच्या पारंपरिक जपानी सराईला) सालबर्डीची उपमा दिली आहे. ती पाण्यापुरतीच खरी. सालबर्डी मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर. महाशिवरात्रीला गुहेतल्या महादेवाची यात्रा भरते, जवळच गरम पाण्याचा झरा आहे. जपानातले पाणी बहुधा ज्वालामुखीच्या उष्णतेने तापते. इथे गाविलगडच्या डोंगरालगतच्या भूभंगातून खोल मुरलेले पाणी तापून वर येते. खरा फरक मुक्कामाचा. र्‍योकानमध्ये पाहुणा दारात बूट काढतो, सुती युकाता नेसतो, तातामीच्या चटईवर बसून जेवतो; रात्री तिथेच गादी घालून मिळते. कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने अंग धुवायचे, हा नियम कडक (आपल्या कुंडांच्या काठावर साबणाच्या वड्या पाहिलेल्यांना नवल वाटेल). यामानाशीतले केइउनकान हे र्‍योकान तर इ. स. ७०५ पासूनचे मानतात. वऱ्हाडी यात्रेकरूचा मुक्काम धर्मशाळेत: अंथरूण घरचे, शिधा घरचा, चूल तीन दगडांची. शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या त्या अशाच लोकांसाठी. कातडीच्या विकारावर गंधकाचे पाणी हवे असेल, तर वऱ्हाडी माणूस किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला जातो. – संपादक