तोंड कडू का पडतं, वास का येतो? पोटाआधी जीभ आणि हिरड्या तपासा

तोंड कडू झालं की 'पित्त वाढलंय' आणि तोंडाला वास आला की 'पोट साफ नाही', असं आपण सहज म्हणून जातो. पण दुर्गंधीचं मूळ बहुतेक वेळा पोटात नाही, तोंडातच असतं. कडूपणाची कारणं मात्र थोडी वेगळी आहेत.

वास कुठून येतो?

जिभेच्या मागच्या भागावर आणि दातांच्या फटींत अन्नकण अडकतात. तिथले जिवाणू त्यातली प्रथिनं कुजवतात आणि गंधकयुक्त वायू तयार होतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यातलाच एक. किडलेले दात, रक्त येणाऱ्या हिरड्या, अस्वच्छ कवळी आणि टॉन्सिलमधले खडे ही नेहमीची कारणं.

उपवासात वास का वाढतो?

लाळ तोंड सतत धूत असते. झोपेत ती कमी सुटते, म्हणून सकाळी वास जास्त येतो. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम असतो. अशा लांबच्या पायी वारीत पाणी कमी पडलं की तोंड कोरडं होतं. एकादशीला निर्जळी उपवास केला तर लाळ आणखी घटते. बराच वेळ पोटात काही नसेल, तर शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणाऱ्या किटोन्समुळेही श्वासाला वेगळा वास येतो.

तोंड कडू का पडतं?

• आम्लपित्त: जठरातलं आम्ल घशापर्यंत वर येतं.
• औषधं: मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारख्या गोळ्या. डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका.
• ताप, सर्दी, गरोदरपण.

मिश्रीने दात स्वच्छ होतात?

नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक महिला ती रोज दातांना लावतात. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण मिश्रीकडे अजूनही 'मंजन' म्हणूनच पाहिलं जातं. तंबाखूमुळे हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लवंग किंवा बडीशेप चघळून वास झाकला जातो, आजार मात्र आतच राहतो.

काय कराल?

• दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा, जीभही स्वच्छ करा.
• कवळी रात्री काढून ठेवा.
• पुरेसं पाणी प्या.
• रात्री जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, यापैकी काहीही दिसलं तर लगेच दाखवा. तोंड कडू आणि डोळे पिवळे दिसत असतील, तर कावीळ तपासून घ्या. मधुमेह असलेल्यांच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास येऊन उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर तातडीने रुग्णालय गाठा.