‘मी’, ‘तो’ की ‘आम्ही’? कादंबरीचा निवेदक आणि जातीचा प्रश्न

कादंबरी लिहायला घेतली की पहिला प्रश्न उभा राहतो : गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची? निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी? हा प्रश्न निव्वळ तंत्राचा म्हणून शिकवला जातो. आमचे म्हणणे असे की, आपल्या समाजात तो कधीच निव्वळ तंत्राचा नव्हता. कोणी बोलायचे आणि कोणाबद्दल फक्त बोलले जायचे, हे जातिव्यवस्थेने लेखणी उचलण्याआधीच ठरवलेले होते.

1855 साली सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चौदा वर्षांची ही मुलगी एकटीचे रडगाणे गात नाही. ती ‘आम्ही’ म्हणते आणि आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल करते. पुढे हरिभाऊ आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू या ब्राह्मण स्त्रीचा ‘मी’ घेतला. पुरुषाने स्त्रीचा आवाज घेतला आणि ते कल्पनाशक्तीचे यश ठरले. ते यश आम्हालाही मान्य आहे. मग हीच मुभा दलित लेखकाला का नसावी? त्याच्याकडून आजही फक्त स्वतःच्या अनुभवाची मागणी का होते?

‘तो’ वापरणाऱ्या निवेदकाचेही तसेच आहे. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी 1935 ची. बखा या सफाई करणाऱ्या तरुणाचा एक दिवस लेखक त्याच्या मनात शिरून सांगतो. सहानुभूती खरी आहे. पण दिवस मावळताना बखाच्या कानावर तीनच वाटा पडतात : मिशनऱ्याचा धर्म, गांधीजींचे भाषण आणि मैला वाहून नेणारे यंत्र. महाडचा सत्याग्रह 1927 मध्ये होऊन गेला होता. त्याची हाक मात्र बखापर्यंत पोहोचत नाही. पात्राने काय पाहायचे एवढेच निवेदक ठरवत नाही, पात्राच्या कानावर काय येऊ द्यायचे हेही तोच ठरवतो.

म्हणून तृतीयपुरुष सवर्णांचाच, असे मानायचे का? मुळीच नाही. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ 1959 ची, आणि तीही तृतीयपुरुषीच आहे. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सरकारी कागदात असा माणूस कायम ‘तो’ : हजेरी द्यायचा तो, पळाला तो, पकडला तो. अण्णाभाऊंनी हाच ‘तो’ सरकारच्या हातून काढून घेतला आणि नायक केला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे उगाच नव्हे.

‘मी’चे बळ वेगळे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत नायकाची जात घरमालकाला माहीत नाही, वाचकाला माहीत आहे. ते दडपण आतून सोसायला ‘मी’च लागतो. 1978 च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी तर ‘मी’चेच दोन तुकडे केले. शहरातल्या दया पवारला गावकुसाबाहेरचा दगडू पवार आपली कहाणी सांगतो. शिकून वर आलेला माणूस आपल्याच भूतकाळापासून कसा तुटतो, ते त्या रचनेतूनच कळते.

पण ‘बलुतं’नंतर आत्मकथनांना जी दाद मिळाली, तिच्यात एक मेख होती. दलित लेखक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला गेला. त्याने जखम दाखवायची आणि इतरांनी हळहळायचे. आत्मकथन कमी दर्जाचे, असे आम्ही म्हणत नाही. त्या लेखकांनी मराठीला हादरवले. आक्षेप आहे तो साक्षीदाराला कलावंत मानायला नकार देणाऱ्या समीक्षेवर.

बेबीताई कांबळे यांनी या पिंजऱ्यातून वाट काढली. 1986 च्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘जिणं आमुचं’. आत्मकथन असूनही ते एकटीचे नाही, साऱ्या महारवाड्याचे आहे. या ‘आमुचं’मध्ये गौरव आहे, तसा सुनेच्या पायात अडकवलेला खोडाही आहे. आपल्या घरातला अन्याय लपवणारा ‘आम्ही’ हा नुसता घोषणेचा असतो.

तेव्हा कादंबरीचा आराखडा करणाऱ्या आमच्या भावाबहिणींनी तीन गोष्टी तपासाव्यात. सांगणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही? त्याच्या कानावर कोणाचा आवाज येत नाही? आणि तो कोणाला उद्देशून बोलतो आहे, वस्तीला की वस्तीबाहेरच्या हळहळणाऱ्याला? याची उत्तरे मिळाली की ‘मी’ घ्या, ‘तो’ घ्या, ‘आम्ही’ घ्या. एखाद्या सावकाराच्या, पाटलाच्या, पुरोहिताच्या मनातही शिरा. शतकानुशतके त्यांनी आपल्याविषयी लिहिले. आता त्यांना आपल्या कादंबरीतले पात्र व्हावे लागेल.

जय भीम!