रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजदाद

रस्त्यावर काळे-पांढरे पट्टे मारायचे आणि दोन्ही टोकांना दिव्याचे खांब उभे करायचे, काम तसं साधं. पण ब्रिटनमध्ये हे पट्टे कुठे मारायचे आणि कुठे नाही, यावर गेली नव्वद वर्षं खल चालू आहे. वरवर पाहता हा पैशाचा वाद आहे. थोडं खोलात गेलं की दिसतं, की तो कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही याचा आहे.

१९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. त्या वेळी तिथे पंचवीस लाखसुद्धा गाड्या नव्हत्या. आज चार कोटींवर आहेत आणि वर्षाचे मृत्यू सतराशेच्या आत-बाहेर असतात. १९३४मध्ये लेस्ली होअर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले. पायी चालणाऱ्यांसाठी ओलांडणीच्या जागा ठरवून तिथे त्यांनी खांब उभे केले. खांबावर नारिंगी काचेचा गोळा. लोकांनी त्या खांबांना मंत्र्यांचंच नाव देऊन टाकलं, आणि गल्लीतल्या पोरांना नेम धरायला आयतं लक्ष्य मिळालं! झेब्र्याचे पट्टे आले ते १९५१मध्ये. त्याच वेळी ओलांडणीच्या जागा बऱ्याच कमी करण्यात आल्या. जिथे तिथे त्या असल्या की चालक जुमानत नाहीत, असं कारण देण्यात आलं.

जागा थोड्या आणि मागणारे फार, अशी स्थिती झाली. मोठे हमरस्ते सोडले तर बाकीचे रस्ते तिथे स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात असतात. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपालिका किंवा जिल्हा परिषद समजा. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात पट्टे हवे असणार आणि तिजोरी तर मर्यादित. मग वाहतूक खात्याने एक सूत्र ठरवून दिलं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

रस्त्याचा शंभर मीटरचा तुकडा घ्यायचा. दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या चार तासांची सरासरी काढायची. तासाला किती माणसं रस्ता ओलांडतात हा एक आकडा, किती वाहनं जातात हा दुसरा. वाहनांच्या आकड्याचा वर्ग करून त्याला माणसांच्या आकड्याने गुणायचं. उत्तर १० कोटींच्या वर गेलं तर ओलांडणीचा विचार करायचा. रस्ता दुभाजकाचा असेल तर २० कोटी.

तासाला हजार गाड्या जाणारा रस्ता घेऊ. हजाराचा वर्ग दहा लाख. शंभर माणसं ओलांडत असतील तर बरोबर १० कोटी. नव्वद असतील तर ९ कोटी, म्हणजे अर्ज फेटाळला.

आता हजार गाड्या म्हणजे दर साडेतीन-चार सेकंदांना एक गाडी. अशा रस्त्यावर काठी टेकत चालणारे आजोबा काय करतील? पलीकडच्या दुकानात जाणंच सोडून देतील. आई मुलाला सांगेल, "त्या बाजूला जायचं नाही." म्हणजे रस्ता जितका धोक्याचा, तितकी ओलांडणाऱ्यांची संख्या कमी, आणि तितकाच तो सूत्राच्या नजरेत बिनगरजेचा! पुढे काही कौन्सिलांनी वृद्धांना आणि मुलांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली. पण घरी बसलेल्या माणसाला कितीही वजन दिलं तरी गुणाकार शून्यच येतो.

हे सूत्र आपल्यापर्यंतही पोचलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत हाच वर्ग, हाच गुणाकार आणि हेच १० कोटी आहेत. शाळेसमोर हातात गोल पाटी घेऊन गाड्या थांबवणाऱ्या बायका ब्रिटनमध्ये फार लाडक्या. १९५३च्या कायद्याने कौन्सिलांना त्यांची नेमणूक करण्याचा अधिकार दिला, पण सक्ती केली नाही. साहजिकच काटकसरीचे दिवस आले की पहिली कात्री तिथे लागते. आणि त्यांच्यासाठीसुद्धा हेच सूत्र वापरतात, फक्त उंबरठा ४० लाखांचा.

१९९० साली मेयर हिलमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. इंग्लंडमधली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं १९७१मध्ये मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९०मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि सरकार त्याचं श्रेय घेत होतं. हिलमन यांचं म्हणणं असं, की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलं रस्त्यावरून नाहीशी झाली आहेत. मला हा युक्तिवाद अजून बिनतोड वाटतो.

सरकारने १९९५मध्ये ते सूत्र सोडलं. जागा प्रत्यक्ष पाहून, आसपास शाळा आहे का, दवाखाना आहे का, लोकांना किती वेळ ताटकळावं लागतं, हे तपासून ठरवा असा सल्ला दिला. बऱ्याच कौन्सिलांनी तरीही जुना गुणाकार चालू ठेवला. नाही म्हणायला आकडा फार सोयीचा असतो.

वेल्सने वेगळी वाट धरली. वेगमर्यादा कमी करायची तर पूर्वी एकेका गल्लीसाठी वेगळा आदेश, वेगळ्या हरकती, वेगळा खर्च. १७ सप्टेंबर २०२३पासून तिथे वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा सरसकट ३० मैलांवरून २० मैलांवर आणली. सुमारे ३ कोटी २० लाख पौंड सरकारने दिले, पाट्या कौन्सिलांनी बदलल्या. ओरडही तितकीच झाली. जेमतेम एकतीस लाखांच्या देशात साडेचार लाखांहून जास्त सह्यांचा विरोधी अर्ज आला! मात्र पहिल्या वर्षभरात २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवरचे मृत आणि जखमी मिळून सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले.

विरोधामुळे २०२४मध्ये नियम सैल केले गेले. काही रस्त्यांना पुन्हा ३० मैल देता येतील, असं ठरलं. त्यासाठी आता कौन्सिलला तो विशिष्ट रस्ता दाखवून, तिथे वेग वाढवणं का चालेल, याचं कारण द्यावं लागतं. ओलांडणाऱ्या आजोबांना काहीच सिद्ध करावं लागत नाही.