क्लिप गेली, नाव राहिलं

दुकानात 'क्लिपलेस' पेडल मागितलं, की दुकानदार जी वस्तू समोर ठेवतो तिच्यात बूट खट् आवाज करून अडकतो. त्या अडकण्याला सगळे 'क्लिप इन' म्हणतात. म्हणजे क्लिप नसलेल्या पेडलमध्ये आपण क्लिप होतो! 200 किलोमीटरच्या बीआरएमसाठी पेडल आणि बूट घ्यायचं मनात आलं, किमती पाहून डोळे पांढरे झाले, आणि एवढे पैसे घालवण्याआधी हे प्रकरण मुळात आलं कुठून, ते शोधत बसलो.

नावातली क्लिप वेगळी आहे. ती टो-क्लिप. पेडलच्या पुढे बसवलेला पोलादी पिंजरा, त्यातून ओवलेला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला बक्कल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून थेट 1980च्या दशकापर्यंत रेस खेळणाऱ्यांचे पाय याच पिंजऱ्यात असत. बुटाच्या तळाला खाच असलेली एक पट्टी ठोकलेली असे. खाच पेडलच्या कडेवर बसली आणि पट्टा आवळला, की पाय जागचा हलत नसे. ही पट्टी ठोकायची रीत मला फार आवडली. नवे बूट घालून काही दिवस तशीच सायकल चालवायची, पेडलच्या कडेचा वळ तळाला उमटू द्यायचा आणि त्या वळावर खिळे मारायचे. आज बाइक-फिटिंगवाले हजारो रुपये घेऊन जे मोजमाप करतात, ते तेव्हा बुटाचा तळ फुकटात करून देई.

पण पट्टा सैल ठेवला तर पाय निसटायचा आणि आवळला तर बोटं बधिर व्हायची. शिवाय थांबायचं झालं, की आधी खाली वाकून हाताने बक्कल सैल करावं लागे. पडता पडता बक्कल कोण सोडणार? माणूस सायकलसकट आडवा होई.

यावर डोकं चालवणारे लोक खूप आधीपासून होते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने 1895मध्येच बूट फिरवून अडकवायच्या पेडलचं पेटंट घेतलं होतं. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनो चिनेलीने एम71 हे पेडल आणलं. पट्टा गेला, पण बूट सोडवायला हाताने खटका सरकवावा लागायचाच. लोकांनी त्याला 'मृत्यूचं पेडल' असं नाव ठेवलं. प्रश्न अडकवण्याचा नव्हताच, सुटण्याचा होता. आणि सुटण्याचा अभ्यास सायकलवाल्यांनी नाही, बर्फावरून घसरणाऱ्यांनी केला होता.

फ्रान्समधल्या नेव्हेर गावची 'लूक' ही कंपनी स्कीची बाइंडिंग बनवायची. बाइंडिंगचं काम विचित्र आहे. घसरताना बूट पक्का धरायचा, पण माणूस पडला की हाड मोडण्याआधी सोडायचा. जाँ बेल यांनी हीच युक्ती पेडलमध्ये आणली. पाय खाली दाबला की स्प्रिंग बुटाची क्लीट पकडते, टाच बाहेर वळवली की सोडते. हाताचा संबंधच नाही. 1984मध्ये पीपी65 हे पेडल बाजारात आलं.

पण सायकल रेसिंगची जमात कर्मठ. त्यांना पटवायला माणूसही तसाच हवा होता. लूक विकत घेतलेला उद्योगपती बर्नार तापी याने 'ला व्ही क्लेअर' नावाचा संघ काढला आणि त्यात बर्नार इनोला घेतलं. इनो तोवर चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला होता. पण 1983ची टूर गुडघ्यामुळे हुकली होती, शस्त्रक्रिया झाली होती आणि आता हा संपला, असं बोललं जात होतं. गुडघ्यातून नुकत्याच सावरलेल्या माणसाने पाय एका न रुळलेल्या यंत्रात अडकवायचा, याला माझ्या मते धाडसच लागतं. 1984मध्ये तो दुसरा आला. 1985मध्ये सँत-एतिएनला पडून नाक मोडलं, डोळे काळेनिळे झाले, आणि तरी त्याने पाचवी टूर जिंकली. त्याच्या पायात लूकची पेडल होती. (त्यानंतर पुरुषांची टूर एकाही फ्रेंच माणसाने जिंकलेली नाही, हे जाता जाता.) पुढच्या काही वर्षांत पट्टे दिसेनासे झाले. आयर्लंडच्या शॉन केलीसारखे काही जुने खोड तेवढे बराच काळ पिंजऱ्याला चिकटून राहिले.

सुरुवातीची क्लीट पाय एकाच कोनात घट्ट धरायची. पण गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. तो वर-खाली होताना थोडा आत-बाहेरही वळतो. म्हणून पुढे 'टाइम' आणि इतर कंपन्यांनी क्लीटमध्ये थोडी ढिलाई, म्हणजे फ्लोट, आणली. आज क्लीटच्या रंगावरून ती ओळखतात, आणि इथे खरी गंमत आहे. लूकची लाल क्लीट 9 अंश वळू देते, शिमानोची लाल क्लीट शून्य! शिमानोत जास्त ढिलाई पिवळीत, 6 अंश. रंग पाहून खरेदी कराल तर गुडघा बोंब मारेल.

डोंगरातल्या सायकलस्वारांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना मध्येच उतरून सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, आणि लूकची तळाबाहेर आलेली प्लास्टिकची मोठी क्लीट चिखलात चालायच्या कामाची नाही. 1990मध्ये शिमानोने एसपीडी आणलं. दोन स्क्रूंची छोटी धातूची क्लीट, तीही रबरी तळाच्या खोबणीत बसवलेली, आणि पेडल दोन्ही बाजूंनी पकडणारं. रोडचे तीन भोकांचे बूट आणि डोंगराचे दोन भोकांचे, ही फाटाफूट तिथून पक्की झाली.

'पाय अडकवला की वर खेचूनही ताकद लावता येते' असं विकणारे सांगतात. ते फारसं मनावर घेऊ नका. एरवी बहुतेक ताकद खाली दाबण्यातूनच येते. अडकवल्याचा खरा फायदा म्हणजे खडबडीत रस्त्यावर किंवा स्प्रिंटमध्ये पाय उडत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल 2006, 2007 आणि 2010ला डाउनहिलचा जगज्जेता झाला तो साध्या, सपाट पेडलवर. आणि जपानच्या केइरिनमध्ये, जिथे लोक पैजा लावतात, खेळाडू अजूनही टो-क्लिप आणि पट्टाच वापरतात. धावपट्टीवर वाटेत थांबायचं नसतं, त्यामुळे पट्टा नडत नाही.

मी माझ्यापुरता हिशोब केला. बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, आणि त्यात दर कंट्रोलवर उतरून टपरीपर्यंत चालायचं. ताम्हिणीच्या वाटेवर पावसात शेवाळ आणि चिखल. तीन भोकांच्या चकचकीत बुटांत हे म्हणजे फरशीवर सांडलेल्या तेलातून चालणं. म्हणून सायकल रोडची असूनही दोन भोकांचे बूट घेतले, एसपीडी पेडल घेतलं, आणि क्लीट एसएच56, जी टाच वळवूनच नाही, तर पाय वर ओढूनही सुटते. स्प्रिंगचा स्क्रू सगळ्यात सैल ठेवलाय. सध्या रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक हात खांबाला लावून खट्-खट् चालू असतं, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा लवकर शिकतोय.